गाऱ्हाणे हीही दुआच : ‘शिकवा’, ‘मुनाजात-ए-बेवा’ आणि आपला वर्ग

दुःखात आणि संशयात सापडलेल्या माणसाने ईश्वराशी कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न जितका धर्मशास्त्राचा आहे तितकाच साहित्याचाही आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या अध्यापकापुढे तो वर्षातून निदान एकदा तरी उभा राहतो. उर्दूच्या वर्गात इक्बालांचा ‘शिकवा’ येतो तेव्हा, आणि मराठीच्या वर्गात तुकोबांचे देवाशी भांडणाचे अभंग येतात तेव्हा. दोन्ही वर्गांत विद्यार्थ्यांची पहिली प्रतिक्रिया सारखीच असते. देवाला असे बोललेले चालते का?

या प्रश्नाला आपण बहुधा ठरावीक उत्तर देतो. ‘शिकवा’बद्दल बोलताना ‘जवाब-ए-शिकवा’ पुढे करतो आणि म्हणतो, पाहा, कवीने स्वतःच तक्रारीचे उत्तर दिले आहे. तुकोबांबद्दल बोलताना हे प्रेमाचे भांडण आहे असे सांगून पुढच्या अभंगाकडे वळतो. या दोन्ही उत्तरांत तक्रारीतला काटा काढून टाकण्याची घाई आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात असे मांडायचे आहे की, गाऱ्हाणे हा दुआचाच एक जुना आणि मान्य प्रकार आहे. आणि या दृष्टीने पाहिले तर ‘शिकवा’पेक्षा मौलाना हालींची ‘मुनाजात-ए-बेवा’ ही रचना अधिक खोल उतरते. आपल्या अध्यापनात मात्र तिला त्या मानाने फारच थोडी जागा मिळते.

शब्दाचा पाया

‘शिकवा’ हा शब्द अरबी ‘श-क-व’ या धातूपासून आला आहे. उर्दूत त्याला रुसवा, लटकी नाराजी अशी प्रेमकाव्यातली छटा लाभली. पण मुळात त्याचा अर्थ गाऱ्हाणे मांडणे असाच आहे. हा धातू कुरआन शरीफात दोन ठिकाणी ज्या प्रकारे आला आहे, तो पाहण्यासारखा आहे.

पहिले स्थळ सूरह यूसुफमधले (१२:८६). मुलाच्या विरहाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे शोकाने पांढरे झाले आहेत. घरातली माणसे त्यांना दोष देतात की, अशी आठवण काढत राहिलात तर झिजून जाल. त्यावर ते सांगतात की, आपल्या व्यथेचे आणि दुःखाचे गाऱ्हाणे आपण केवळ अल्लाहपाशी करतो आहोत. याच सूरहमध्ये हजरत याकूब यांच्याच तोंडी ‘सब्र-ए-जमील’, म्हणजे सुंदर धीर, हा शब्द दोनदा आला आहे. म्हणजे ज्याने सुंदर धीर धरला त्यानेच गाऱ्हाणेही केले. भाष्यकारांनी यावरून असा निष्कर्ष काढला आहे की, अल्लाहपाशी केलेली तक्रार सब्राच्या विरुद्ध जात नाही. लोकांपुढे अल्लाहची केलेली तक्रार मात्र जाते. हजरत अय्यूब (अ.) यांचेही तसेच. आपल्याला पीडेने गाठले आहे असे त्यांनी अल्लाहला सांगितले (२१:८३) आणि तरीही कुरआनने त्यांना धीर धरणारा म्हटले (३८:४४).

दुसरे स्थळ सूरह मुजादिलाच्या पहिल्याच आयतीत आहे. इस्लामपूर्व अरबस्तानातल्या ‘जिहार’ नावाच्या चालीप्रमाणे एका पतीने बायकोला ‘तू मला आईसारखी’ असे म्हणून अधांतरी सोडले होते. भाष्यग्रंथांत तिचे नाव हजरत खौला बिन्ते सअलबा असे दिले आहे. ती पैगंबरांशी (स.) वाद घालत होती आणि अल्लाहपाशी गाऱ्हाणे करत होती. अल्लाहने तिचे ऐकले, असे आयत सांगते, आणि लगेच पुढे त्या चालीविरुद्धचा हुकूम येतो. या सूरहचे नावच वाद घालणाऱ्या स्त्रीवरून पडले आहे. हे स्थळ वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे हालींकडे वळताना त्याची गरज पडेल.

संशयाबद्दलही हेच म्हणता येते. मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव, असे हजरत इब्राहीम (अ.) यांनी विचारले (२:२६०). विश्वास आहे, पण मनाला स्वस्थता हवी, असे त्यामागचे कारण त्यांनी सांगितले. त्यांच्यावर राग झाला नाही, त्यांना दाखवण्यात आले. प्रसूतीच्या वेदनांत हजरत मरियम यांनी यापूर्वीच मरण आले असते तर बरे, असे उद्गार काढले (१९:२३). त्यांना उपदेश मिळाला नाही. पायाखाली पाणी आणि हाताशी खजूर मिळाले. तेव्हा ‘देवाला असे बोललेले चालते का’ या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘जवाब-ए-शिकवा’पर्यंत जाण्याआधीच उपलब्ध आहे.

‘शिकवा’ : हिशेबाची वही

‘शिकवा’ १९११ साली लाहोरला अंजुमन हिमायत-ए-इस्लामच्या वार्षिक जलशात म्हटला गेला. ही अंजुमन १८८४ साली स्थापन झालेली शिक्षणसंस्था. तिच्या शाळा होत्या, अनाथाश्रम होता. याच व्यासपीठावर इक्बालांनी १९०० साली ‘नाला-ए-यतीम’ ही अनाथाच्या आक्रोशाची कविता म्हटली होती. ‘शिकवा’ म्हणण्याच्या आदल्या वर्षी, १९१० साली, ते हैदराबादला आले होते. तिथल्या कुतुबशाही मकबऱ्यांवरून त्यांनी ‘गोरिस्तान-ए-शाही’ ही कविता लिहिली. दख्खनमधल्या या भग्न थडग्यांचा आणि ‘शिकवा’तल्या गतवैभवाच्या दुःखाचा संबंध आपल्या भागातल्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा.

रचना एकतीस कडव्यांची, मुसद्दस या छंदबंधात आहे. सहा ओळींच्या कडव्यात पहिल्या चार ओळी एकाच यमकाने दाब वाढवत नेतात आणि शेवटच्या दोन ओळी वेगळ्या यमकाने तो दाब मोकळा करतात. हालींनी १८७९ च्या आपल्या प्रसिद्ध मुसद्दसमध्ये हा बंध समाजाच्या ऱ्हासाच्या वर्णनासाठी वापरला होता. इक्बालांनी तोच बंध फिर्यादीसाठी घेतला. फिर्याद मांडणाऱ्या वकिलाला हा बंध फारच सोयीचा आहे, कारण चार ओळींत पुरावा आणि दोन ओळींत सवाल अशी त्याची ठेवण होते.

बोलणारा ‘आम्ही’ आहे. एरवी स्तुती करणाऱ्याच्या तोंडून आता थोडे गाऱ्हाणेही ऐक, अशी परवानगी मागून तो सुरुवात करतो. मग मोजदाद सुरू होते. आमच्या आधी जग दगडाला आणि झाडाला पूजत होते. तुझे नाव आम्ही पसरवले. धनी आणि गुलाम यांना आम्ही एका रांगेत उभे केले. आणि बदल्यात काय? तुझी मेहेरबानी परक्यांच्या घरावर आणि वीज कोसळते ती आमच्यावर. साधारणपणे वर्गात आपण शिकवतो तो एवढाच भाग. सभांमधून टाळ्या घेतो तोही हाच.

या भागाची शक्ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु गाऱ्हाणे म्हणून तपासले तर त्याचा आधार लक्षात येतो. तो आधार म्हणजे हिशेब. आम्ही इतके जमा केले, तुझ्याकडून इतके येणे आहे. ज्याच्याजवळ जमेची बाजू आहे त्यालाच असे बोलता येते. ज्याच्या पूर्वजांनी काहीच जिंकले नाही, ज्याच्या नावावर कोणतीही थोर कामगिरी नाही, त्याने ईश्वरापुढे कशाच्या बळावर तोंड उघडायचे? ‘शिकवा’चा हा पहिला मोठा भाग त्याला शब्द देत नाही.

मात्र याच कवितेच्या शेवटच्या भागात एक बदल होतो. हिशेब थांबतो आणि मागणे सुरू होते. या उम्मतच्या अडचणी सोप्या कर, दुबळ्या मुंगीला सुलैमानाच्या बरोबरीला आण, असे कवी म्हणू लागतो. त्यानंतर ‘आम्ही’ विरघळतो आणि उजाड बागेत एकटाच गात राहिलेला बुलबुल उरतो. इतर पक्षी उडून गेले आहेत. हा एकटाच ऋतू सरल्याचे न कळल्यासारखा गातो आहे. माझ्या मते ‘शिकवा’ खऱ्या अर्थाने दुआ होतो तो इथे. इथे पुराव्याची भाषा संपली आहे आणि गाणाऱ्याला श्रोता आहे की नाही याचीही खात्री नाही. संशयाच्या इतक्या जवळ ‘शिकवा’ दुसऱ्या कुठल्याही कडव्यात जात नाही. आपल्या अध्यापनात हाच भाग वेळेअभावी घाईत उरकला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

‘जवाब’ कोणाला पुरतो?

‘जवाब-ए-शिकवा’ १९१३ सालचा. मधल्या काळात इटलीने त्रिपोलीवर हल्ला केला होता, बाल्कन युद्धे पेटली होती. या छत्तीस कडव्यांत गाऱ्हाणे आकाश भेदून जाते, वरचे रहिवासी चकित होतात आणि ईश्वराचे उत्तर येते. उत्तराची सुरुवात मोठी हृद्य आहे. तुझ्या गाऱ्हाण्याने माणसाला ईश्वराशी बोलते केले, अशी त्यात एक प्रकारची दादच आहे. काही धार्मिक मंडळींना ‘शिकवा’ रुचला नव्हता. त्यांच्यासाठी हे स्थळ महत्त्वाचे आहे, कारण ‘जवाब’मध्येही तक्रार करण्याला गुन्हा ठरवलेले नाही. पुढे मात्र वही उलटी फिरवली जाते. देणारा तयार आहे, मागणाराच नाही. तुमचे पूर्वज जे होते ते तुम्ही नाही.

समाजाच्या ऱ्हासाबद्दल हे उत्तर योग्य आहे. समाजाला आपल्या आळसाचा, फुटीचा, अज्ञानाचा जाब विचारलाच पाहिजे. अडचण येते ती हे उत्तर व्यक्तीच्या दुःखाला लावले जाते तेव्हा. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकांच्या वर्गांतल्या मुलामुलींनी आई किंवा वडील गमावले. त्यानंतरच्या वर्षी ‘जवाब’ शिकवत असताना एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर मला विचारले, “सर, म्हणजे आमच्या घरात जे झालं ते आमच्या करणीनंच झालं का?” तिने कवितेचा अर्थ चुकीचा लावला नव्हता. जो अर्थ आपण वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो, तोच तिने स्वतःच्या घरापर्यंत नेला होता. मराठीत हेच उत्तर ‘प्रारब्ध’ किंवा ‘भोग’ या शब्दांनी दिले जाते. शब्द निराळे, पण दुःखी माणसावरच आरोप ठेवण्याची पद्धत एकच.

स्वतः इक्बालांनी हे उत्तर आपल्या घरच्या दुःखाला लावले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९१४ साली त्यांची आई वारली. तिच्यावर त्यांनी ‘वालिदा मरहूमा की याद में’ ही दीर्घ कविता लिहिली. ती आणि ‘शिकवा’-‘जवाब’ ही जोडी १९२४ च्या ‘बांग-ए-दरा’ या एकाच संग्रहात आहेत. आईवरच्या कवितेची सुरुवात नियतीच्या अटळपणाच्या विवेचनाने होते. पण आईची आठवण येताच हे सारे तत्त्वज्ञान बाजूला पडते आणि जगात नाव कमावलेला माणूस पुन्हा आईसमोरचे मूल होतो. पुढे मातीखाली झोपलेल्या बीजाच्या प्रतिमेतून धीर येतो, आणि शेवटी आईच्या कबरीवर आकाशाने दव शिंपावे अशी दुआ येते. कुणाच्या पापामुळे हे घडले, असा प्रश्न या कवितेत नाही. समाजाच्या दुःखाशी बोलताना ‘जवाब’ लिहिणारा कवी स्वतःच्या दुःखाशी बोलताना दुआ लिहितो. ‘जवाब’ शिकवताना ही कविता सोबत ठेवली, तर त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला इक्बालांच्याच शब्दांतून वेगळे उत्तर देता येते.

‘मुनाजात-ए-बेवा’ : जिच्याजवळ वहीच नाही

अल्ताफ हुसैन हाली (१८३७–१९१४) हे पानिपतचे. लहानपणीच पितृछत्र हरपलेले, पुढे गालिबांचे शिष्य आणि चरित्रकार. त्यांची ‘मुनाजात-ए-बेवा’ १८८० च्या दशकातली, म्हणजे ‘शिकवा’च्या सुमारे पाव शतक आधीची. ही मसनवी बालपणी लग्न होऊन लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच विधवा झालेल्या एका स्त्रीच्या तोंडी आहे.

पहिली गोष्ट भाषेची. हाली फारसी-अरबीवर प्रभुत्व असलेले कवी. पण इथे त्यांनी घरातल्या बायकांची बोली घेतली आहे. ओळी आखूड, शब्द रोजचे. जड समास जवळजवळ नाहीत. कवितेत साधेपणा, अस्सलपणा आणि आवेग हवा, असा विचार त्यांनी १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त मांडला. ‘मुनाजात’मध्ये तो विचार सिद्धांत होण्याआधीच प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. दख्खनी उर्दू बोलणाऱ्या किंवा घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ‘शिकवा’तले समास फोडून सांगावे लागतात, ‘मुनाजात’ त्यांना वाचताच समजते. हा अध्यापनाच्या दृष्टीने छोटा फायदा नाही.

दुसरी गोष्ट रचनेची. सुरुवात ईश्वराच्या स्तुतीने होते, आणि ही स्तुती लांबलचक आहे. तू सर्वांच्या जवळ आहेस, तुझी दया सगळ्यांपर्यंत पोचते, तुझ्या दारातून कोणी रिकामे जात नाही. प्रथम वाचनात हा रूढ मंगलाचरणाचा भाग वाटतो. पण बाई स्वतःकडे वळते तेव्हा या स्तुतीचा अर्थच पालटतो. सगळ्यांपर्यंत पोचणारी दया हिच्यापर्यंत का पोचली नाही? तिने हा आरोप फारसा उच्चारलाच नाही. स्तुती आणि स्थिती शेजारी ठेवली, एवढेच. ‘शिकवा’तल्या ‘आम्ही’ने आपल्या कामांचा पुरावा दिला होता. हिने ईश्वराच्या गुणांचाच पुरावा केला. हिच्याजवळ जमेची बाजू नाही, पूर्वजांचा पराक्रम नाही. तू मला निर्माण केलेस, एवढाच तिचा हक्क आहे. म्हणूनच मला तिचे गाऱ्हाणे अधिक मूलभूत वाटते. ज्याच्याजवळ काहीच नाही अशा कोणालाही तिच्या शब्दांत ईश्वराशी बोलता येईल.

तिसरी गोष्ट श्रोत्यांची. ही बाई ईश्वराशी एकांतात बोलते आहे. पण कविता छापलेली आहे, तेव्हा ते बोलणे वाचकाच्याही कानावर पडते. तिचे दुःख मृत्यूमुळे आले, परंतु ते जन्मभर टिकले ते चालीरीतीमुळे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता. शरीअतने तर विधवेच्या लग्नाला कधीच बंदी केली नव्हती, तरीही उत्तर हिंदुस्थानातल्या खानदानी म्हणवणाऱ्या मुस्लिम घरांतूनही ही बंदी पाळली जात होती. बोलणारी स्त्री कोणत्या समाजाची, यावर हालींनी भर दिलेला नाही. त्यामुळे कोणत्याही वाचकाला ‘ही आमच्यातली नव्हे’ असे म्हणून निसटता येत नाही. ईश्वरापुढे मांडलेले गाऱ्हाणे असे समाजाच्या दारात येऊन उभे राहते. सूरह मुजादिलातली स्त्री इथे आठवते. तिनेही एका चालीविरुद्ध अल्लाहपाशी दाद मागितली होती, आणि अल्लाहने ऐकल्यावर ती चाल बदलावी लागली.

इथे हालींची मर्यादाही नोंदवली पाहिजे. कवितेच्या शेवटाकडे विधवा जगाच्या क्षणभंगुरतेकडे वळते आणि ईश्वराच्या प्रेमात आसरा शोधते. कोणावरही तिचा रोष उरत नाही. वाचकाच्या मनात पेटलेला प्रश्न ती स्वतःच विझवते की काय, अशी शंका येते. याच दशकात, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. विधवेच्या प्रश्नावरूनच पेटलेल्या त्या निबंधात ताराबाई पुरुषांना सरळ जाब विचारतात. हालींची विधवा ते करीत नाही. एका पुरुष कवीने तिला दिलेला आवाज कोठपर्यंत जाऊ शकतो, याची ही सीमा आहे. पुढे १९०५ च्या ‘चुप की दाद’मध्ये हालींनी स्त्रियांच्या मुकाट सहनशीलतेचाच विषय घेतला, यावरून त्यांनाही हा प्रश्न सुटलेला वाटत नसावा. तरीसुद्धा विधवेच्या शेवटच्या शरणागतीला मी पराभव म्हणणार नाही. जे म्हणायचे ते सगळे म्हणून झाल्यावर ती शरण गेली आहे. आधीच तोंड दाबून घडवलेली शरणागती आणि मन मोकळे केल्यावर आलेली शरणागती यांत फरक आहे, आणि ‘मुनाजात’ दुसऱ्या प्रकारची आहे.

मराठीतले शेजारी

मराठी वर्गातही असाच विचार करता येतो. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला. त्यांच्या अभंगांत देवाला ऋणको ठरवणारी, त्याच्याकडे येणे काढणारी भाषा आहे. देव आपल्यापुरता संपला, असे म्हणण्यापर्यंत ती जाते. वाण्याच्या घरातला हा कवी हिशेबाचीच भाषा बोलणार, हे उघड आहे. परंतु याच तुकोबांनी आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले, असे परंपरा सांगते. माणसांकडचे येणे सोडले आणि देवाकडचे मात्र सोडले नाही! ‘शिकवा’तल्या हिशेबाशी या हिशेबाची तुलना विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखी आहे. तुकोबांचे येणे पराक्रमाच्या बदल्यातले नाही. नात्याच्या हक्काने मागितलेले आहे.

चोखोबांच्या घरातले आवाज तर ‘मुनाजात’च्या फारच जवळ जातात. सोयराबाई देहाच्या विटाळाचा प्रश्न देवापुढे ठेवते. तिचा मुलगा कर्ममेळा, आम्हाला हीन जन्म आणि उष्टे अन्न का, असे देवाला रोखठोक विचारतो. इथेही दुःख चालीरीतीचे आहे, गाऱ्हाणे ईश्वरापाशी आहे आणि ऐकू जावे असा दुसरा श्रोता म्हणजे समाज आहे. या रचना आणि ‘मुनाजात-ए-बेवा’ एकत्र शिकवल्या, तर दोन भाषांमधले नाते नुसत्या सामायिक शब्दांच्या यादीपेक्षा पुष्कळ अधिक खोल असल्याचे विद्यार्थ्यांना कळेल.

उत्तर न येण्याबद्दल

‘शिकवा’ला ‘जवाब’ आहे. ‘मुनाजात’ला नाही, आणि मला वाटते ते योग्यच आहे. दुःखात दुआ करणाऱ्या बहुतेक माणसांचा अनुभव उत्तर न येण्याचाच असतो.

फारसी परंपरेने या अनुभवाला दोन वाटांनी जागा दिली. एक वाट अत्तारांची. त्यांच्या ‘मुसीबतनामा’त वेडेपीर ईश्वराशी अत्यंत धीटपणे भांडतात, वेड्यावर शरीअतचा बोजा नाही, म्हणून शहाण्यांना जे बोलता येत नाही ते कवी वेड्याच्या तोंडी घालतो. नवीद केरमानी यांनी २००५ साली जर्मन भाषेत लिहिलेल्या ग्रंथात अत्तारांच्या या भांडणाचा, हजरत अय्यूब यांच्या कथेच्या संदर्भात, सविस्तर विचार केला आहे. दुसरी वाट मौलाना रूमींची. ‘मसनवी’च्या तिसऱ्या दफ्तरात एका भक्ताची गोष्ट आहे. तो रात्री अल्लाहचे नाव घेत असता सैतान त्याला म्हणतो, इतक्या हाका मारल्यास, एकदा तरी ‘ओ’ आली का? भक्त खचतो आणि गप्प होतो. मग स्वप्नात हजरत खिज्र येऊन त्याला ईश्वराचा निरोप देतात की, तुझे हाक मारणे हेच माझे ‘ओ’ देणे होते.

ही गोष्ट आपण पुष्कळदा गोड बोधकथा म्हणून सांगतो. पण तिच्यातल्या सैतानाचा प्रश्न खरा आहे, आणि रूमींनी तो खोडून काढलेला नाही. आवाज आलेला नाही ही वस्तुस्थिती कायम राहते. बदलते ते एवढेच की, हाक मारण्याची ओढ कुठून आली याकडे भक्ताचे लक्ष जाते. गाऱ्हाणे करणारा माणूस ईश्वराकडे पाठ फिरवत नाही. ज्याने पाठ फिरवली तो तक्रार कोणाकडे करील? या दृष्टीने ‘शिकवा’तला एकटा बुलबुल, हालींची विधवा आणि भांडणारे तुकोबा हे तिघेही त्या भक्ताच्या रांगेतले आहेत.

अध्यापकांपुढे

या विवेचनातून अध्यापनासंबंधी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ‘शिकवा’ शिकवताना शेवटच्या कडव्यांना पुरेसा वेळ द्यावा. हिशेबाकडून दुआकडे होणारा प्रवास दाखवल्याशिवाय ती कविता पूर्ण होत नाही. ‘जवाब’ शिकवताना तो समाजाला दिलेला जबाब आहे, शोकाकुल व्यक्तीला नव्हे, हे स्पष्ट सांगावे आणि सोबत आईवरची कविता वाचावी. आणि अभ्यासक्रमात असो वा नसो, ‘मुनाजात-ए-बेवा’चा काही भाग वर्गात मोठ्याने वाचावा. ती वाचण्यापेक्षा ऐकण्याची कविता आहे.

यापलीकडे एक जबाबदारी आपल्या कानांची आहे. परंपरेत असे सांगितले जाते की, हजरत उमर (रजि.) खलीफा असताना एका वृद्ध स्त्रीने त्यांना रस्त्यात थांबवले आणि बराच वेळ बोलत राहिली. सोबतच्यांपैकी कोणीतरी म्हणाले, या म्हातारीसाठी आपण एवढ्या लोकांना ताटकळत ठेवले. त्यावर हजरत उमर यांनी उत्तर दिले की, ही तीच खौला आहे, जिचे गाऱ्हाणे अल्लाहने सात आकाशांवरून ऐकले. मग उमरने ऐकू नये काय? तास संपल्यावर टेबलापाशी थांबणाऱ्या विद्यार्थ्याला लगेच ‘जवाब’ देण्याची गरज नसते. आधी त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे.